नाव तेच, माल निराळा : वऱ्हाडच्या कापसापासून कॅफेतल्या कॉफीपर्यंत

१/
'ब्रँड म्हणजे दर्जाची हमी' हे वाक्य आपल्या पिढीने इतक्या वेळा ऐकले आहे, की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटतही नाही. या धाग्यात ते तपासायचे आहे. वस्तू साधीच घेऊ : साखळी-कॅफेत आणि फास्टफूडच्या दुकानांत मिळणारी कॉफी. तपासणीसाठी भूमी मात्र घेऊ यवतमाळ जिल्ह्याची. हा जिल्हा कॉफीचा नव्हे, कापसाचा. पण वरचे नाव आणि आतला माल यांची फारकत कशी होते, याचा दीडशे वर्षांचा अनुभव या मातीत मुरलेला आहे.

२/
आधी तक्रार नीट मांडू. वणी, पुसद, दारव्हा, उमरखेड येथून शिकायला किंवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीला नागपूर-पुण्यात गेलेला विद्यार्थी कधीतरी दोन-अडीचशे रुपये मोजून अशा कॅफेत बसतो. फलक तोच, पेला तोच, दरपत्रक तेच. एका शाखेत कॉफी करपट-कडू, दुसरीत पाणचट, तिसरीत दुधाखाली दडपलेली. त्याच शाखेत सकाळची निराळी, संध्याकाळची निराळी. विचारले तर उत्तर ठरलेले : 'चव ज्याची त्याची असते.'

३/
या उत्तराला माझा आक्षेप आहे आणि तो चवीपुरता नाही. माझे प्रतिपादन असे : आपल्या देशात दर्जाची कसोटी पिकवणाऱ्याला लावली जाते आणि विकणाऱ्याच्या फलकाला ती माफ असते. कापसाच्या बाबतीत हे घडले, कॉफीच्याही बाबतीत घडले. ही वाटणी आपोआप झालेली नाही. तिला कायदे आहेत, तारखा आहेत आणि तिच्यातून लाभ झालेले लोकही आहेत. आता क्रमाने पाहू.

४/
१८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणीच्या नावाने, इंग्रजी कागदांत 'वून' म्हणून, ओळखला जाई. १९०५ च्या पुनर्रचनेत पुसद तालुका त्यात आला आणि जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. पण कारभाऱ्यांचे लक्ष नावापेक्षा जमिनीवर अधिक होते. काळी, ओल धरून ठेवणारी, कापसाची जमीन. मँचेस्टरच्या गिरण्यांना हवी होती ती हीच.

५/
वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवर, हिंगणघाट आणि वणीच्या टापूत, 'बनी' नावाचा देशी कापूस होई. देशी वाणांत त्याचा धागा लांब, मऊ आणि पांढराशुभ्र. बाजारात त्याला 'हिंगणघाट' म्हणून मान होता. आजच्या भाषेत बोलायचे तर तो एक नामांकित ब्रँडच होता. फरक एवढाच, की या नावामागे जाहिरात नव्हती; एक विशिष्ट वाण, एक विशिष्ट माती आणि वेचणीची एक रीत होती.

६/
१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. दक्षिणेकडील राज्यांचा कापूस लिव्हरपूलला पोहोचेना. मुंबईतून जाणाऱ्या गाठींना सोन्याचा भाव आला. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बाजारात 'ऊमरा' या नावाने विकला जाऊ लागला. हे नाव उमरावतीवरून, म्हणजे अमरावतीवरून, आलेले. हळूहळू वऱ्हाड आणि आसपासच्या प्रदेशाचा सगळाच कापूस या एका नावाखाली जमा झाला. एक नाव, एक भाव आणि आत नाना प्रकारचा माल.

७/
मग घडले ते असे. बनीपेक्षा आखूड आणि जाड धाग्याचा 'जरी' कापूस शेतात पसरत गेला. जरीची बोंडे लवकर तयार होत आणि सरकी काढल्यावर रुईचा उतारा जास्त मिळे. व्यापारी वखारीत दोन्ही एकत्र करत. काही दशकांत बनी जवळजवळ दिसेनासा झाला. 'ऊमरा' हे नाव मात्र तसेच राहिले. फलक बदलला नाही, फलकाखालचा माल बदलला. कॉफीकडे वळल्यावर हे वाक्य पुन्हा आठवावे लागेल.

८/
दोष कुणाला दिला गेला? कास्तकाराला. 'देशी शेतकरी लबाड आणि आळशी. तो मालात भेसळ करतो' ही इंग्रज अधिकारी आणि गिरणीमालक यांची लाडकी तक्रार. पण खरेदीदार बनीला आणि जरीला जवळजवळ सारखाच भाव देत असेल, तर कमी उताऱ्याचा बनी लावून स्वतःचे नुकसान कोण करून घेईल? चांगल्या मालाला चांगला भाव न देणारा बाजार वाईट माल स्वतःच पेरतो आणि वर त्याच्या नावाने बोटे मोडतो.

९/
१८६३ मध्ये मुंबई सरकारने कापसातील लबाडी रोखण्याचा कायदा केला. भेसळ हा गुन्हा ठरला, निरीक्षक नेमले गेले, दंड आणि कैदेची तरतूद झाली. भिजवलेला कापूस, सरकी मिसळलेली रुई, दोन वाणांची सरमिसळ, सारे या कायद्याच्या कक्षेत आले. तो फार काळ टिकला नाही. पुढे रद्द झाला. पण एक तत्त्व मागे राहिले : मालाचे नाव आणि मालाचा गुण यांचा मेळ आहे की नाही, हे पाहणे ही सार्वजनिक बाब आहे. ते विक्रेत्याच्या मर्जीवर सोडता येत नाही.

१०/
यानंतरचा टप्पा आपल्या परिसराच्या अभिमानाचा आहे आणि पाठ्यपुस्तकांत तो क्वचितच सापडतो. दारव्ह्याच्या उत्तरेला असलेले कारंजा, आज वाशीम जिल्ह्यात, हे १८८६ मध्ये देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार ठरले. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा आला. बाजाराची जागा ठरली, दलाल आणि मापारी यांना परवाने लागू झाले, देखरेखीला समिती आली. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समितीची वंशावळ शोधत मागे गेलात, तर वाट वऱ्हाडातूनच जाते.

११/
या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिचा व्यंगही सांगितला पाहिजे. बाजार समित्यांवर वर्चस्व होते व्यापाऱ्यांचे. माल ज्याचा, त्या कास्तकाराला तिथे आवाज नव्हता. शाही कृषी आयोगाचा अहवाल १९२८ मध्ये आला, तेव्हा वऱ्हाडच्या बाजारांतील ही उणीव ठळकपणे पुढे आली. म्हणजे तराजू आला, पण तो कुणाच्या हातात असावा हा प्रश्न तेव्हाही होता. आजही आहे.

१२/
१९२३ चा कापूस वाहतूक कायदा आणि १९२५ चा जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा इतिहासाच्या विद्यार्थ्याने आवर्जून वाचावेत. पहिल्याने हलका कापूस चांगल्या कापसाच्या टापूत आणून मिसळण्यावर बंधन घातले. दुसऱ्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि क्रमांक सक्तीचा केला. गाठ लिव्हरपूलला उघडो वा ओसाकाला, ती कुठल्या कारखान्यात बांधली गेली हे कळलेच पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी एका गाठीचा माग लागत होता!

१३/
१९३७ च्या कायद्याने शेतमालाच्या प्रतवारीला ॲगमार्कचे रूप दिले. १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी आली आणि ग्रेडर हा कास्तकाराच्या आयुष्यातला धाक बनला. आज सीसीआयच्या केंद्रावर ओलावा मोजतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत भावात कपात, बारा टक्क्यांवर खरेदी नाही. दिवाळीच्या सुमारास बंडी भरून आणलेला कापूस सकाळच्या दवाने ओलसर असतो. यंत्रावरचा आकडा पाहताना शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी पळते.

१४/
आता कॉफी. परंपरा सांगते, की सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी यमनमधून सात बिया आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या. इंग्रजी अमदानीत मळे वाढले. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले; यवतमाळच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याच्या थंड हवेत, थोडी लागवड झाली. मराठी घरांत कॉफी आली ती पाहुण्यांसाठी, दुधात उकळून, वर जायफळ किसून. ती रोजच्या पेयाचा मान कधीच मिळवू शकली नाही. तो मान चहाने पटकावला.

१५/
१९३० च्या जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळले. १९३५ मध्ये उपकराचा कायदा झाला आणि त्या पैशातून लोकांना कॉफीची गोडी लावण्याचे ठरले. १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाउस उघडले. मग १९४२ चा कॉफी कायदा आणि कॉफी बोर्ड. मळेवाल्याने आपले पीक बोर्डाच्या सामायिक साठ्यात जमा करायचे, बोर्डाने ते विकायचे. ही व्यवस्था जवळजवळ अर्धशतक चालली.

१६/
या साठ्यात पीक घेतले जाई ते चाळणी लावून. बियांचा आकार, रंग, डाग, तुटलेले दाणे, धुतलेली की वाळवलेली, अरेबिका की रोबस्टा, या साऱ्यांवरून प्रत ठरे आणि प्रतीवरून पैसे. चव पाहणारे तज्ज्ञ घोट घेऊन निर्णय देत. पैसे मात्र हप्त्याहप्त्याने, कित्येकदा फार उशिरा मिळत. मळेवाले कंटाळले होते आणि खुल्या विक्रीची मागणी त्यांनीच लावून धरली. वऱ्हाडचा कास्तकार आणि कूर्गचा मळेवाला कधी भेटले नसतील; पण परीक्षार्थी म्हणून ते एकाच बाकावर बसले होते.

१७/
बोर्डाने पन्नाशीच्या दशकात आपली कॉफी हाउसे बंद करायला घेतली, तेव्हा कामगार रस्त्यावर येण्याची वेळ आली. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने त्यांनी सहकारी संस्था उभारल्या. १९५७ मध्ये बंगळूर आणि दिल्ली येथून हा प्रवास सुरू झाला. तुरेवाले फेटे, पांढरे गणवेश, स्वस्त कॉफी, तासन्‌तास गप्पा. इथे मालकीही कामगारांची आणि कॉफी करणारे हातही त्यांचेच. कॉफी फसली, तर उत्तर द्यायला माणूस समोर उभा असे.

१८/
मग येते १९९६. इतिहासात कधी कधी एकच वर्ष अनेक दारे एकदम उघडते. सामायिक साठ्याची पद्धत टप्प्याटप्प्याने मोडत याच वर्षी पूर्ण संपली. याच वर्षी बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डेची पहिली शाखा उघडली. याच वर्षी मॅकडोनाल्ड्स भारतात आले. २०१२ मध्ये मुंबईच्या हॉर्निमन सर्कलला टाटांच्या भागीदारीत स्टारबक्स आले. मळेवाल्याला विक्रीचे स्वातंत्र्य मिळाले, हे योग्यच झाले. पण प्यायच्या कॉफीची सार्वजनिक तपासणी कुणी सुरू केली नाही. ती जागा ब्रँडने घेतली.

१९/
साखळी-दुकान विकते काय, हे नीट समजून घ्या. कॅलिफोर्नियात मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ मध्ये स्वयंपाकघराचा कारखाना केला आणि १९५५ पासून रे क्रॉक यांनी तोच साचा गावोगाव नेला. त्यांचे वचन 'सर्वोत्तम' असे नव्हते; 'सर्वत्र सारखे' असे होते. साखळीच्या वस्तूची जास्तीची किंमत आपण मोजतो ती या सारखेपणासाठी. सारखेपणा नसेल, तर जास्तीचे पैसे कशाचे? वातानुकूलनाचे आणि वायफायचे म्हणावे, तर तसे पाटीवर लिहावे.

२०/
सारखेपणा निसटतो, हे या धंद्यातल्या धुरिणांनीच कबूल केले आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये स्टारबक्सचे हॉवर्ड शुल्ट्झ यांनी आपल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र बाहेर फुटले. झपाट्याने शाखा वाढवण्याच्या नादात, स्वयंचलित यंत्रे आणि बंद पाकिटे यांमुळे कॉफीचा गंध आणि अनुभव हरवत चालला आहे, असा त्याचा आशय होता. पुढच्या वर्षी, २६ फेब्रुवारी २००८ रोजी, अमेरिकेतील सुमारे ७,१०० शाखा संध्याकाळी काही तास बंद ठेवून कामगारांना एस्प्रेसो करायला पुन्हा शिकवले गेले. ज्याला शिकवणी लागली, तो प्रश्न खराच असणार.

२१/
प्रश्न तांत्रिक आहे, गूढ नाही. एस्प्रेसोत ठरावीक वजनाची पूड, साधारण ९ बार दाब, नव्वदीच्या घरातील तापमान आणि २५-३० सेकंदांचा वेळ यांचा मेळ लागतो. पूड जाड दळली तर पाणी झरकन निघून जाते आणि कॉफी आंबट-पाणचट होते. बारीक दळली तर अर्क जास्त उतरतो आणि कडवटपणा येतो. पावसाळी हवेत दळण पुन्हा जुळवावे लागते. भाजून महिने उलटलेले दाणे जीव सोडतात. यंत्र रोज धुतले नाही, तर जुने तेल खवट होऊन प्रत्येक कपात उतरते.

२२/
पाण्याचे तर विचारूच नका. कॉफीत बहुतांश पाणीच असते. पाण्यातील क्षार कॉफीचा आंबटपणा मारतात आणि चव सपाट करतात. यवतमाळ शहरातच निळोणा-चापडोह धरणांचे पाणी एक आणि बोअरवेलचे जड पाणी दुसरे, हे कुठलीही गृहिणी डाळ शिजताना सांगू शकेल. मग देशभर एकच चव देण्याचे वचन देणाऱ्याने प्रत्येक शाखेत पाणी सारखे करून घेणे ही चैन होत नाही. ते त्याच्या वचनाचे पहिले कलम ठरते.

२३/
आणि हे सारे सांभाळायचे कुणी? कॅफेतल्या काउंटरमागे उभा असलेला मुलगा किंवा मुलगी बहुधा आपल्याच वयाची असते. थोड्या दिवसांचे प्रशिक्षण, तुटपुंजा पगार, दहा-दहा तास उभे राहणे आणि काही महिन्यांत नोकरी सोडणे. कॉफी बिघडली की बोलणी तीच खाते. 'शेतकरी लबाड' म्हणणाऱ्या साहेबाची आणि 'स्टाफच नीट नाही' म्हणणाऱ्या व्यवस्थापकाची भाषा एकाच घराण्यातली आहे. चांगल्या कामाला चांगले दाम न देणारा पुन्हा हातांनाच दोष देतो.

२४/
कॉफीतल्या भेसळीचा इतिहासही मनोरंजक आहे. नेपोलियनने १८०६ मध्ये इंग्रजांची नाकेबंदी केली, तेव्हा कॉफी दुर्मीळ झाली आणि युरोपात चिकरीच्या भाजलेल्या मुळांची पूड तिची जागा घेऊ लागली. इंग्लंडच्या सरकारने १८४० मध्ये चिकरी मिसळलेली कॉफी विकायला परवानगी दिली. पुढे ओरड झाली, तेव्हा अर्थमंत्री चार्ल्स वुड यांनी पार्लमेंटात सांगितले, की कॉफीतली चिकरी ओळखणे शास्त्रालाही शक्य नाही. म्हणजे तेच जुने उत्तर : मोजताच येत नाही, तर तक्रार कसली?

२५/
आर्थर हॅसॉल नावाच्या डॉक्टराने सूक्ष्मदर्शक पुढे ओढला आणि १८५० मध्ये चिकरीच्या पेशी दाखवून दिल्या. मग थॉमस वॉकली यांच्या 'लॅन्सेट' नियतकालिकाने १८५१ ते १८५४ या काळात दुकानादुकानांतून नमुने आणून तपासले आणि निकाल विक्रेत्यांच्या नावांसकट छापले. १८६० मध्ये भेसळविरोधी कायदा आला. शिकण्यासारखे हे, की तिथे तपासणी पिकवणाऱ्याच्या दारात झाली नाही. दुकानदाराच्या गल्ल्यासमोर झाली. आणि ज्याला सरकार 'अशक्य' म्हणत होते, ते एका नेटक्या प्रयोगाने शक्य ठरले.

२६/
भारतात आज कॉफी-चिकरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी, असा नियम आहे. पाकिटावर दोन्हींचे प्रमाण छापावे लागते. किराणा दुकानातले साधे पाकीट हे सांगते. आता कॅफेचे दरपत्रक उघडा. कुठली बी? अरेबिका किती, रोबस्टा किती? कधी भाजली? एका पेल्यात पूड किती ग्रॅम? या प्रश्नांची उत्तरे तिथे क्वचितच सापडतात. स्वस्त पाकिटाला कायदा बोलते करतो आणि महागड्या पेल्याला मौनाची मुभा देतो, हा उफराटा न्याय आहे.

२७/
'पण कोपऱ्यावरच्या टपरीचा चहा तरी रोज सारखा असतो का?' हा हमखास येणारा प्रश्न. नसतो. पण टपरीवाला सारखेपणा विकत नाही, आणि त्याचे पैसेही घेत नाही. तो स्वतःचा हात विकतो. आज पाणी झाले, तर 'काय दादा, आज दुधाचा उपास आहे का?' असे तोंडावर विचारता येते आणि उद्या सुधारणा दिसते. साखळीत असा माणूसच शिल्लक नसतो. काउंटरवरचा मुलगा मुख्यालयाकडे बोट दाखवतो, मुख्यालय ॲपवर तारे मागते.

२८/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : 'ज्या यवतमाळचे नाव शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर गेले, तिथे कॉफीच्या चवीची चर्चा शोभते का?' प्रश्न रास्त आहे आणि माझा सारा युक्तिवाद त्याच्यासाठीच आहे. कापसात ओलावा नऊ टक्के भरला म्हणून भावात कपात सोसणारा बाप, आणि तेच पैसे शहरात पाठवल्यावर कुठलेही माप नसलेल्या पेल्याला पूर्ण किंमत मोजणारा त्याचा मुलगा. एकाच घरातला पैसा. येताना काट्यावर चढून येतो, जाताना डोळे झाकून जातो. ही चवीची गोष्ट नाही, तराजूची आहे.

२९/
'चव मोजता येत नाही' हे म्हणणे तर इतिहासापुढे टिकतच नाही. धाग्याची लांबी बोटांच्या चिमटीत पाहणारे पारखी वऱ्हाडच्या बाजारात होते. पुढे त्यासाठी यंत्रे आली. कॉफी बोर्डाचे चवतज्ज्ञ घोटावरून प्रत ठरवत आणि त्या निर्णयावर मळेवाल्याचे वर्षभराचे उत्पन्न ठरे. मळेवाल्याचे पैसे कापायचे असतात तेव्हा चव मोजता येते आणि ग्राहकाला उत्तर द्यायचे असते तेव्हा ती 'ज्याची त्याची' होते. हे तत्त्वज्ञान नव्हे, ही सोय आहे.

३०/
मग मागायचे काय? नवा मोठा कायदा नको. २०२० च्या अन्न लेबलिंग नियमांनुसार दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना पदार्थांचे उष्मांक दरपत्रकावर दाखवावे लागतात. म्हणजे 'साखळी' ही वेगळी जबाबदारी असलेली गोष्ट आहे, हे कायद्याने आधीच मान्य केले आहे. त्याच रकान्यात आणखी तीन गोष्टी याव्यात : बीचा प्रकार आणि चिकरी असल्यास प्रमाण, भाजल्याची तारीख, एका पेल्यातील पुडीचे वजन. १९२५ मध्ये गाठीवर क्रमांक छापता आला, तर आज पाटीवर तीन ओळी का येऊ नयेत?

३१/
कुणी म्हणेल, एवढ्याने कॉफी चांगली होईल का? लगेच होणार नाही. १८९७ च्या कायद्यानेही वऱ्हाडचा कास्तकार श्रीमंत झाला नाही. पण परवानाधारक मापारी आला, तेव्हा चोरट्या मापाला निदान नाव तरी मिळाले. जे लिहिले जाते ते पडताळता येते. जे पडताळता येते त्यावर भांडता येते. आज कॅफेच्या ग्राहकाकडे भांडायला शब्दच नाहीत. 'कशीशीच लागली' यापुढे त्याची तक्रार जात नाही, कारण आकडे दुसऱ्याच्या कपाटात आहेत.

३२/
इतिहास वाचणाऱ्या मित्रमैत्रिणींना एक विनंती. कुठल्याही काळात 'दर्जा' हा शब्द दिसला, की तीन प्रश्न विचारा : माप कुणाचे? मोजले कुणाला? आणि मापातून सुटले कोण? वणीच्या बनीपासून ब्रिगेड रोडच्या कॉफीपर्यंत उत्तरे चकित व्हावे इतकी सारखी निघतात. साधने दूर नाहीत. वऱ्हाडचे जुने गॅझेटियर, बाजार समितीची जुनी दप्तरे, गावातल्या बंद पडलेल्या जिनाची भिंत आणि हमीभावाच्या केंद्रावर रांगेत उभा असलेला एखादा काका. सगळे बोलायला तयार आहेत.

३३/
बनी कापूस संपला तो कुणी बंदी घातली म्हणून नव्हे. नाव टिकले आहे तोवर माल पाहायची गरज नाही, असे बाजाराने ठरवले म्हणून. पुढच्या वेळी दोन-अडीचशे रुपये मोजाल, तेव्हा काउंटरवरच्या थकलेल्या मुलावर आवाज चढवू नका. कंपनीला लेखी विचारा : बी कुठली, भाजली कधी, पूड किती? उत्तर आले तर इथे टाका. आले नाही, तर तेही टाका. कापूस मोजणाऱ्या जिल्ह्याला कॉफीही मोजून मागता आली पाहिजे.